गाडीचा दिवा आणि दुसऱ्याचे डोळे



यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात आग्नेय कोपऱ्याकडे पाहा. तेथे झरी जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव सापडेल. भोवती कापसाची काळी जमीन आहे. याच परिसरात भूगर्भात कोळसा आणि चुनखडी आहे, आणि गावाजवळ सिमेंटचा कारखाना आहे. वर शेती आणि खाली खनिज असा हा मुलूख आहे. त्यामुळे इथल्या रस्त्यावर फार वेगवेगळ्या वेगांची वाहने एकत्र येतात. कोळशाचे टिप्पर येतात, सिमेंटचे बल्कर येतात, कापूस भरलेले ट्रॅक्टर येतात. रात्रीच्या विजेवर ओलित करायला निघालेल्या शेतकऱ्याची मोटारसायकल असते. आणि या सर्वांच्या मधून, तासाला चार किलोमीटर वेगाने, बैलबंडी चाललेली असते.

नोव्हेंबरात येथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. कापसाची वेचणी आणि वाहतूक मात्र त्याच दिवसांत जोरात असते. अंधार लवकर पडतो आणि रस्त्यावर वर्दळ जास्त असते. अशा वेळी घरोघरी एक विचार डोक्यात येतो : "गाडीचा दिवा कमी पडतो. जरा जोरदार दिवा बसवून घेऊ." बाजारात पांढऱ्याशुभ्र उजेडाचे एलईडी दिवे मिळतात. दुकानदार अर्ध्या तासात बसवूनही देतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरच्या गाडीला तसा दिवा लागलाही असेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रात्री चांगले दिसावे ही इच्छा अगदी योग्य आहे. पण चांगला दिवा म्हणजे जास्त उजेडाचा दिवा, ही समजूत चुकीची आहे आणि ती जिवावर बेतू शकते. चांगला दिवा म्हणजे योग्य जागी उजेड पाडणारा दिवा. हे मत तुम्ही मी सांगतो म्हणून मानू नका. चला, गणित करून पाहू.

किती दूर दिसले पाहिजे?

तासाला ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. रस्त्यात काही तरी आहे हे डोळ्यांना दिसणे, मेंदूला कळणे आणि पायाने ब्रेक दाबणे यांत साधारण दीड सेकंद जातो असे धरू. तेवढ्या वेळात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक तर आताच लागला आहे! चाक आणि कोरडी सडक यांच्यामधला घर्षणांक सावधपणे ०.५ धरला, तर गाडी थांबायला आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण झाले ५३ मीटर. हेच गणित ८० किलोमीटर वेगासाठी करा. उत्तर ८४ मीटरच्या आसपास येईल. पावसाने सडक ओली होऊन घर्षणांक ०.३ वर आला, तर ६० किलोमीटर वेगालाच ७२ मीटर लागतील.

आता दुसरी बाजू पाहा. साध्या गाडीचा मंद झोत, ज्याला आपण 'डिप्पर' म्हणतो, गडद कपड्यांतला माणूस किंवा मातीच्या रंगाची बंडी साधारण ४० ते ५० मीटरवरून दाखवतो. म्हणजे ६० किलोमीटर वेगाने डिप्परवर जाणारा माणूस आपल्याला दिसते त्यापेक्षा जास्त अंतर धावत असतो. मग वेग ४० वर आणला तर काय होईल? एकूण अंतर २९ मीटर. ते दिव्याच्या आवाक्यात बसते! पैसा न लागणारी ही पहिली सुधारणा.

दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट अंतर नव्हे

"पण दिवाच दुप्पट केला तर?" असे तुम्ही विचाराल. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे तुम्ही शिकला आहात. दुप्पट दूरच्या वस्तूवर तेवढाच उजेड पाडायचा तर चौपट प्रकाश हवा. दुप्पट प्रकाशाने अंतर फक्त १.४ पट वाढते. शिवाय दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून प्रत्यक्षात फायदा याहूनही कमीच.

आता विजेचा हिशेब करू. पुष्कळ गाड्यांत ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर प्रवाह लागतो. त्या जागी कोणी १०० वॅटचा बल्ब बसवला, तर प्रवाह ८.३ अँपिअर होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे त्याच जुन्या तारेत जवळजवळ २.८ पट उष्णता! तारेचे वेष्टन वितळणे, होल्डर करपणे, प्रसंगी गाडी पेटणे हे प्रकार येथून सुरू होतात.

गंमत अशी की अनेक जुन्या गाड्यांत बल्ब चांगला असूनही उजेड कमी पडतो. गंजलेला जोड, सैल झालेली अर्थिंगची तार, झिजलेला स्विच अशा ठिकाणी विद्युतदाब वाया जातो. तंतूच्या दिव्याचा प्रकाश विद्युतदाबाच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. १२ व्होल्टऐवजी बल्बला साडेदहाच व्होल्ट मिळाले, तर दाब साडेबारा टक्क्यांनी घटला, पण उजेड एक तृतीयांशाहून अधिक घटला. अशा वेळी नवा बल्ब घेण्यापेक्षा जोड घासून स्वच्छ करणे, चांगली जाड तार आणि रिले बसवून घेणे ही खरी सुधारणा होय.

झोत घडतो तो आरशामुळे

बल्ब एकटा काही करीत नाही. त्याच्यामागे अन्वस्ताच्या आकाराचा आरसा असतो. अन्वस्ताच्या नाभीपाशी दिवा ठेवला की परावर्तित किरण समांतर बाहेर पडतात. हा झाला प्रखर झोत, म्हणजे अप्पर. डिप्परसाठी दुसरा तंतू नाभीच्या किंचित पुढे बसवलेला असतो आणि त्याच्याखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. वाटीमुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून तो खाली, सडकेकडे वळतो. सगळी करामत त्या तंतूच्या जागेत आहे. तो एखादा मिलिमीटर सरकला तरी झोत बिघडतो.

येथे एक कोडे घाला तुमच्या मित्रांना. एके काळी आपल्याकडे ट्रकच्या दिव्याची वरची अर्धी काच काळ्या रंगाने रंगवलेली सर्रास दिसे. समोरच्याला त्रास होऊ नये हा हेतू. पण आत्ता सांगितलेल्या वाटीच्या दिव्यात डिप्परचा प्रकाश वरच्या अर्ध्या भागातूनच बाहेर येतो. मग रंगाने काय अडवले? जो प्रकाश सडकेवर पडायला हवा तोच! हेतू चांगला असून चालत नाही. आतली रचना समजून घ्यावी लागते.

बाजारातला एलईडी बल्ब हॅलोजनच्या आरशात खुपसला की नेमके हेच होते. हॅलोजनचा तंतू जेमतेम पाच मिलिमीटर लांबीची एक बारीक रेघ असते. एलईडीच्या बल्बमध्ये चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना प्रकाश देणारे तुकडे असतात. आरसा ज्या आकारासाठी घडवला तो आकारच बदलला. मग प्रकाश सैरावैरा पसरतो. काही जवळच्या सडकेवर सांडतो आणि काही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळची सडक लख्ख दिसू लागली की चालकाला वाटते, "वा, काय दिवा आहे!" प्रत्यक्षात जवळच्या लखलखाटाने दूरचा अंधार अधिकच गडद भासतो.

मी एलईडीच्या विरुद्ध आहे असे समजू नका. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. कमी विजेत जास्त प्रकाश देणारा तो उत्तम दिवा आहे. एलईडीसाठीच आरसा आणि भिंग घडवून कारखान्यातून लावलेला हेडलाइट खरोखर चांगला असतो. समोरून येणाऱ्या गाडीपुरताच झोत आपोआप विझवणारे हेडलाइटही आता काही महागड्या मोटारींत आले आहेत. माझा आक्षेप आहे तो एकाच्या आरशात दुसऱ्याचा दिवा कोंबण्याला.

भिंतीवरची परीक्षा

झोत बरोबर आहे की नाही हे तुम्ही स्वतः तपासू शकता. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्या उंचीला खडूने रेघ मारा. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. म्हणजे झोत शेकडा एक या उताराने खाली जातो.

ही परीक्षा नेहमीच्या ओझ्यासह करा. का ते पाहा. मोटारसायकलच्या दोन चाकांत सुमारे १३० सेंटिमीटर अंतर असते. मागे दोन माणसे किंवा कापसाचे गाठोडे लादले आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा फक्त ४ सेंटिमीटर जास्त दबला, तर झोत शेकडा तीन वर उचलला जातो. एक खाली होता, तो आता दोन वर गेला. ५० मीटरवर ही वाढ पूर्ण एक मीटर होते. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल, तर झोताची कड तेथे जवळजवळ दोन मीटर उंचीवर पोचली. समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराचे डोळे त्याच्या आतच येतात. डिप्पर लावूनही तो अप्परसारखाच झाला.

आणि डोळे दिपले म्हणजे काय होते? अंधारात पाहण्यासाठी दृष्टिपटलातल्या दंडपेशींना तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण तयारीला २० ते ३० मिनिटे लागतात. प्रखर झोताने ती तयारी क्षणात मोडते. लख्ख उजेड निघून गेल्यावरही काही सेकंद नीट दिसत नाही. ६० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस तीन सेकंद न पाहता ५० मीटर जातो. त्याच्या पुढे बंडी असेल, तर तिला धडकणारा तो असतो आणि कारण तुमचा दिवा असतो. तुम्ही मात्र केव्हाच पुढे निघून गेलेले असता. म्हणूनच दिव्याची सुधारणा ही फक्त घरची बाब नाही.

पाऊस, धुके आणि राखड

पावसात काळी सडक आरशासारखी होते. कोरड्या सडकेचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना उधळतो, त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो, म्हणून सडक दिसते. ओल्या सडकेवरून तोच प्रकाश पुढच्या पुढे निसटतो. आपल्याला सडक दिसत नाही आणि समोरच्याला मात्र आपला दिवा थेट आणि पाण्यातून असा दुहेरी दिसतो. येथे जास्त वॅट काहीच कामाचे नाहीत.

धुक्यात तर अप्पर लावणे म्हणजे आपल्यापुढे पांढरी भिंत उभी करणे. धुक्याचे कण प्रकाश आपल्याच डोळ्यांकडे परत पाठवतात. खाणीच्या रस्त्यावरची धूळ आणि राखड यांचेही तेच. अशा वेळी डिप्पर लावावा, शक्य तर गाडीच्या खालच्या भागात बसवलेला, रुंद पसरणारा आणि वर न जाणारा धुक्याचा दिवा वापरावा.

"पिवळा दिवा धुके भेदतो" असे सर्वत्र ऐकू येते. याला आधार म्हणून आकाशाच्या निळेपणाचा दाखला देतात. हवेच्या रेणूंकडून आखूड तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त होते, हे खरे. पण तो नियम तरंगलांबीपेक्षा फार लहान कणांना लागू पडतो. प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, तर धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रोमीटरचा. एवढा मोठा थेंब सर्व रंगांना जवळजवळ सारखाच विखरतो. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकात गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे झाले होते. ती सक्ती १९९३ साली उठली. पिवळा उजेड काहींच्या डोळ्यांना सुखावह वाटतो, एवढे म्हणता येईल. पण धुके भेदण्याची जादू त्याच्यात नाही. धुक्यावर एकच हमखास उपाय, तो म्हणजे वेग कमी करणे.

आणि काळ्या मातीचा चिखल काचेवर वाळला असेल, तर कोणताही दिवा निकामीच. ओल्या फडक्याने काच पुसा. आधी आणि नंतर भिंतीवरचा उजेड पाहा. फरक पाहून आश्चर्य वाटेल!

ज्याला दिवाच नाही त्याचे काय?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दिव्याचा सगळा विचार आपण पाहणाऱ्याच्या बाजूने करतो. पण रस्त्यावर ज्याने दिसायला हवे तोही आहे. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप लागलेला असतो. त्याचा उद्देश दुचाकी इतरांना दिसावी हाच आहे. इंजिनवाल्यांसाठी अशी सोय झाली. बैलबंडीला ना बॅटरी, ना दिवा. पूर्वी बंडीखाली कंदील टांगत. आता कंदीलही दिसेनासा झाला आहे. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. एवढा मोठा आकडा खाली आणायचा तर प्रत्येक छोटा उपायही मोलाचा आहे.

असा एक छोटा उपाय म्हणजे ज्याला आपण 'रेडियम' म्हणतो ती चकाकणारी पट्टी. तिच्यात रेडियम मुळीच नसते हो! क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेले रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य. या पट्टीला स्वतःचा प्रकाशच नाही. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांचे चिमुकले कोपरे असतात. कोणत्याही दिशेने आलेला प्रकाश ते आल्या दिशेने परत धाडतात. साधा आरसा असे करीत नाही. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर असेच कोपरे असलेली चौकट ठेवली. तिच्यावरून परतलेल्या लेसर किरणांनी चंद्राचे अंतर मोजले जाते. जी युक्ती चंद्रावर चालते, ती बंडीच्या मागे का चालू नये?

प्रयोग करा. अंधारात दहा पावलांवर अशी पट्टी ठेवा. टॉर्च डोळ्याशेजारी धरा. पट्टी झगझगेल. आता हात पूर्ण लांब करून टॉर्च बाजूला न्या. चकाकी एकदम कमी होईल. गाडीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ एकाच रेषेत असतात, म्हणून ही पट्टी साध्या डिप्परमध्येही दीडशे-दोनशे मीटरवरून दिसते. काळोखातली बंडी ५० मीटरवरून दिसत होती, तिला आता थांबण्याच्या अंतराच्या दुपटीहून अधिक अंतर मिळाले. एवढी मोठी सुधारणा कोणत्याही महागड्या बल्बने होत नाही.

ऊस-पट्ट्यात हंगामाच्या सुरुवातीला बैलगाड्यांना आणि ट्रॉलींना अशा पट्ट्या लावण्याच्या मोहिमा निघतात. कापसाच्या मुलखात तसे का होऊ नये? माझे स्पष्ट मत आहे की हा खर्च बंडीवाल्यावर टाकू नये. रस्ता वेगवान झाला तो त्याच्यामुळे नव्हे. वेगाचा लाभ ज्यांना मिळतो त्यांनी, म्हणजे ट्रकमालकांनी, कारखान्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि आपण सर्वांनी, त्याच्या पट्टीचे पैसे द्यावेत.

आणि हे काम शाळांनी अंगावर घ्यावे. शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रकाशाचा धडा शिकवताना एक संध्याकाळ राखून ठेवा. विद्यार्थ्यांनी गावातल्या बंड्या आणि ट्रॉली मोजाव्यात. मागे दोन्ही टोकांना लाल, पुढे पांढरी पट्टी लावावी, म्हणजे रुंदी कळते. पट्टी फार उंच नको, कारण डिप्परचा उजेड खालीच असतो. पण चिखल उडेल इतकी खालीही नको. कडबा किंवा पऱ्हाटी मागे लोंबत असेल, तर पट्टी झाकली जाते. अशा वेळी पट्टी लावलेला एक फळीचा तुकडा ओझ्याच्या शेवटच्या टोकाला बांधावा. आणि महिन्यातून एकदा सर्व पट्ट्या पुसाव्यात.

घरी गेल्यावर नव्या बल्बचा हट्ट धरण्याआधी काच पुसा, जोड तपासा, भिंतीवर झोत पाहा. समोरून गाडी आली की डिप्पर द्यायला घरच्यांना सांगा, आणि अंधार पडल्यावर वेग कमी करायलाही. मग तुमच्या दारावरून रोज जाणारी बंडी मागून पाहा. तिच्यावर पट्टी आहे का? नसेल, तर उद्या लावाल ना?